सायबरपंक शब्दाधिष्ठित खेळांतील हॅकिंगविषयक सूचना : एक चिकित्सा

१. प्रस्तावना

संगणकावरील खेळांचा विचार बहुधा मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा कायदा या अंगांनी केला जातो. खेळ ही एक संहिता आहे, तिला भाषा आणि निवेदन आहे, आणि म्हणून ती समीक्षेचाही विषय ठरते, ही जाणीव त्या मानाने अलीकडची आहे. त्यातही खेळाडूंसाठी लिहिल्या जाणाऱ्या मार्गदर्शनपर सूचनांकडे, ज्यांना खेळाडू ‘टिप्स’ म्हणतात, समीक्षकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. अडलेल्या खेळाडूला पुढे नेणारे चार ओळींचे उपयुक्त लेखन एवढीच त्यांची ओळख राहिली आहे.

परंतु सायबरपंक या विज्ञानकथेच्या उपप्रकारावर बेतलेल्या खेळांच्या बाबतीत ही ओळख अपुरी पडते. या खेळांत नायक हा हॅकर, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकप्रणालीत परवानगीविना शिरणारा माणूस असतो. साहजिकच खेळाडूला द्यावयाच्या सूचना या ‘संगणकात कसे शिरावे’ याच्या सूचना असतात. त्या कल्पित जगापुरत्या आहेत की प्रत्यक्ष गुन्ह्याच्या, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९९० साली अमेरिकेत याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरामुळे एका प्रकाशनसंस्थेचे हस्तलिखित सरकारी यंत्रणेने उचलून नेले होते.

प्रस्तुत लेखात ‘गर्प्स सायबरपंक’ (१९९०), ‘अपलिंक’ (२००१) आणि ‘हॅकनेट’ (२०१५) या तीन कृतींच्या आधारे या सूचनांच्या स्वरूपाचा विचार केला आहे. पहिली कृती कागदावरील नियमांच्या आधारे, संभाषणातून खेळावयाची आहे. उरलेल्या दोन संगणकावरच्या असून त्यांचा भर चित्रांपेक्षा अक्षरांवर आहे. कथेला पद्धतीचे पुस्तक समजणारा संशयी अधिकारी आणि कथेतून केवळ पद्धत वेगळी काढणारा सूचनाकार हे दोघे वरकरणी परस्परविरोधी वाटले, तरी वाचनाची एकच चूक करतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२. शब्दाधिष्ठित खेळ आणि आज्ञार्थ

शब्दाधिष्ठित खेळाचा पाया आज्ञार्थी क्रियापद हा आहे. विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास रचलेला आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी वाढविलेला ‘कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ हा या प्रकाराचा आद्य नमुना. त्यात खेळाडू एका-दोन शब्दांची आज्ञा टंकित करतो, आणि गुहेतले दृश्य शब्दांतूनच बदलते. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ या खेळाची रचना सुरू केली. अनेक खेळाडूंना एकाच शब्दविश्वात एकत्र वावरता येऊ लागले ते त्यामुळे. शब्दांतून भूमिका जगण्याची जी परंपरा पुढे बहरली, तिचे मूळ येथे आहे.

या खेळांत आज्ञा आणि कृती यांच्यात एक अंतर असते. ‘तलवार उचल’ असे खेळाडू लिहितो तेव्हा तो तलवार उचलीत नाही. त्याचे शब्द त्या कृतीची जागा घेतात. चालणे, लढणे, दार उघडणे या सर्व कृतींचे असेच शब्दांत रूपांतर होते. नाटकातील सांकेतिक अभिनयासारखाच हा संकेत आहे, आणि प्रेक्षकाप्रमाणे खेळाडूही तो मनोमन मान्य करतो.

हॅकिंग ही एकच कृती या संकेताला अपवाद ठरते. हॅकर प्रत्यक्षातही कळफलकापुढे बसून आज्ञाच टंकित करीत असतो. त्यामुळे शब्दाधिष्ठित खेळात हॅकरची भूमिका घेणारा खेळाडू जेव्हा टंकन करतो, तेव्हा टंकन हे टंकनाचेच प्रतीक होते. ‘हॅकनेट’मध्ये ही जवळीक टोकाला गेली आहे. त्यातील फाईल पुसण्याची किंवा फाईल उतरवून घेण्याची आज्ञा युनिक्स प्रणालीतील खऱ्या आज्ञेच्याच अक्षरांत लिहावी लागते. आज्ञेचे रूप खरे आणि ज्या संगणकाला ती दिली तो कल्पित, अशी ही विलक्षण स्थिती आहे. हॅकिंगविषयक सूचनांभोवती जो संशय आढळतो, त्याचे कारण या भाषिक स्थितीत आहे.

३. रूपकाकडून नियमाकडे

सायबरपंकमधील हॅकिंगचा उगम तंत्रज्ञानात नसून रूपकात आहे, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. विल्यम गिब्सन यांनी ‘बर्निंग क्रोम’ (१९८२) या कथेत ‘सायबरस्पेस’ हा शब्द वापरला आणि ‘न्यूरोमॅन्सर’ (१९८४) या कादंबरीत त्या अवकाशाला विस्तृत रूप दिले. ही कादंबरी त्यांनी हाताने चालवावयाच्या साध्या टंकलेखनयंत्रावर लिहिली आणि त्या वेळी संगणकाशी त्यांचा परिचय बेताचाच होता. माहितीच्या साठ्यांचे झळाळते आकार, त्यांच्याभोवतीची ‘आइस’ ही संरक्षक भिंत, ती भेदणारा एकाकी ‘काऊबॉय’ या सर्व प्रतिमा आहेत. बर्फ या अर्थाचा इंग्रजी शब्द घुसखोरीविरोधी यंत्रणेच्या आद्याक्षरांतून साधलेला हा श्लेष, म्हणजे या विश्वाच्या जडणघडणीत तंत्रापेक्षा भाषेचा वाटा किती मोठा आहे याचा पुरावाच होय.

खेळांनी या रूपकाचे नियमांत रूपांतर केले. माइक पॉन्डस्मिथ यांचा ‘सायबरपंक’ हा भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जाळ्यात शिरणाऱ्या पात्राला ‘नेटरनर’ असे स्वतंत्र स्थान मिळाले. कादंबरीत जे वर्णन होते ते खेळात कार्यपद्धती झाले. अमुक साधन असेल तर अमुक भिंत भेदता येईल, अपयश आले तर अमुक हानी होईल, अशी कोष्टके तयार झाली. वर्णनाचा काल भूत किंवा वर्तमान असतो. कार्यपद्धतीचा अर्थ मात्र विध्यर्थ किंवा आज्ञार्थ असतो. रूपक आज्ञार्थात आले की ते सूचनेसारखे दिसू लागते. प्रत्यक्षात ते सूचना असतेच असे नाही.

४. १९९० चे प्रकरण : एक चुकलेले वाचन

टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे स्टीव्ह जॅक्सन गेम्स ही खेळांची पुस्तके काढणारी प्रकाशनसंस्था आहे. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने या संस्थेच्या कार्यालयावर छापा घातला. नेलेल्या संगणकांत प्रकाशनाच्या वाटेवर असलेल्या ‘गर्प्स सायबरपंक’ या पुस्तकाची संहिता होती. संस्थेच्या संगणकीय सूचनाफलकावर ३६५ सदस्य होते, आणि त्यावरील न वाचलेले १६२ खासगी संदेशही जप्त झाले. पुस्तकाचे लेखक लॉइड ब्लँकनशिप हे ‘द मेंटर’ या टोपणनावाने हॅकरांच्या वर्तुळात परिचित होते आणि १९८६ मध्ये त्यांनी लिहिलेले एक निवेदन बरेच गाजले होते. चौकशीचा मूळ विषय एका दूरध्वनी कंपनीची फुटलेली कागदपत्रे हा होता. प्रकाशनसंस्थेवर वा लेखकावर कधीही आरोप ठेवला गेला नाही. तरीही, स्टीव्ह जॅक्सन यांनी सांगितल्याप्रमाणे, अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते हस्तलिखित संगणकीय गुन्ह्यांची मार्गदर्शिका होते.

पुस्तकाच्या अंतरंगाकडे पाहिले तर या वाचनातील चूक ध्यानात येते. ‘गर्प्स’ या नियमपद्धतीत प्रत्येक पात्राच्या कौशल्याला एक अंक असतो. कृती यशस्वी झाली की नाही हे तीन फाशांच्या बेरजेवर ठरते; बेरीज त्या अंकाइतकी किंवा त्याहून कमी आली तर यश. हॅकिंग हेही असेच एक कौशल्य. खेळाडूला परवलीचा शब्द शोधावा लागत नाही, फासे टाकावे लागतात. ज्या पुस्तकात संगणकात शिरण्याचे साधन फासे आहेत, ते पुस्तक वाचून कोणत्याही बँकेच्या संगणकात शिरता येणार नाही. नियमांचा आज्ञार्थ पात्राला उद्देशून होता. तो वाचकाला उद्देशून आहे असे अधिकाऱ्यांनी मानले.

संस्थेला कर्मचारी कमी करावे लागले. जुने खर्डे आणि चाचणीसाठी बाहेर दिलेल्या प्रती जुळवून पुस्तक पुन्हा उभे करण्यात आले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. सीक्रेट सर्व्हिसने जप्त केलेले पुस्तक, असा उल्लेख त्याच्या मुखपृष्ठावरच करण्यात आला होता. मार्च १९९३ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी संस्थेच्या बाजूने निर्णय देऊन ५० हजार डॉलरहून अधिक नुकसानभरपाई मंजूर केली.

या निर्णयाचे स्वरूप समीक्षेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्याचा आधार प्रकाशकांच्या सामग्रीला संरक्षण देणारा १९८० चा कायदा आणि इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गोपनीयतेचा १९८६ चा कायदा हा होता. प्रकाशकाचे कागद व सदस्यांची पत्रे असे उचलून नेता येत नाहीत, एवढे न्यायालयाने सांगितले. ते पुस्तक कथा आहे की मार्गदर्शिका, या प्रश्नावर निकाल अवलंबून नव्हता. तो प्रश्न वाङ्मयप्रकाराचा आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी समीक्षेचीच आहे.

५. उपदेशाचे तीन प्रकार आणि सूचनांचे स्थान

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त काव्यप्रयोजनांची चर्चा करताना कान्तासंमित उपदेशाचा निर्देश केला आहे. त्या अनुषंगाने उपदेशाचे तीन प्रकार सांगितले जातात. वेदवचनासारखा, कारण न देता आज्ञा करणारा तो प्रभुसंमित. पुराणेतिहासासारखा, मित्राच्या नात्याने हिताहित समजावून सांगणारा तो सुहृत्संमित. आणि काव्यासारखा, रसाच्या द्वारे मन वळविणारा तो कान्तासंमित. ही विभागणी प्रस्तुत विषयाला चपखल लागू पडते.

खेळाडू संगणकाला जी आज्ञा देतो ती प्रभुसंमित होय. यंत्र कारण विचारीत नाही. खेळाची कथा जे सांगते ते कान्तासंमित. कोणतीही शिकवण थेट न देता ती खेळाडूला एका अनुभवात गुंतविते. सूचनाकाराचे लेखन मात्र सुहृत्संमित आहे. आधी त्या वाटेने गेलेला खेळाडू मागून येणाऱ्याला सल्ला देतो. त्याची भाषा एकेरी, जवळिकीची आणि अनुभवाची असते.

या मैत्रीपूर्ण लेखनाने एके काळी चांगली उंची गाठली होती. शब्दाधिष्ठित खेळांसाठी नावाजलेल्या इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीच्या खेळांसाठी १९८० च्या दशकात ‘इन्व्हिजिक्लूज’ या छापील पुस्तिका निघत. त्यांत प्रश्न दिसत, पण उत्तरे अदृश्य शाईत छापलेली असत. विशिष्ट लेखणी फिरविली की ती उमटत. एका प्रश्नाची उत्तरे चढत्या क्रमाने असत. प्रथम केवळ दिशा, मग थोडा इशारा, शेवटी उलगडा. कथेचे रहस्य प्रश्नांच्या यादीवरूनच फुटू नये म्हणून काही खोटे प्रश्नही मुद्दाम घातलेले असत. खेळाडूला मदत हवी आहे, पण त्याचा शोध त्याच्यापासून हिरावून घ्यावयाचा नाही, ही जाण त्या रचनेत होती. चांगल्या सूचनेचा निकष येथून घेता येतो. सूचना कथेचा आब राखणारी असावी.

६. ‘अपलिंक’ आणि सूचनांची त्रिसूत्री

‘अपलिंक’ हा इन्ट्रोव्हर्जन या ब्रिटिश संस्थेचा २००१ मधील खेळ. त्याची कथा २०१० सालात घडते असे कल्पिले आहे. म्हणजे त्याचे भविष्य आता भूतकाळात जमा झाले आहे. खेळाडू हा एका कंपनीकडून कामे घेणारा हस्तक असतो. पत्रे, याद्या, नोंदी आणि जगाच्या नकाशावरील काही रेषा यांतूनच सारे नाट्य घडते.

या खेळाविषयीच्या सूचनांचे सार तीन सूत्रांत सांगता येते. पहिले सूत्र वाट लांबविण्याचे : लक्ष्याशी थेट न जोडता अनेक संगणकांवरून फिरून जावे, म्हणजे माग काढणाऱ्याला वेळ लागतो. दुसरे घड्याळाकडे लक्ष ठेवण्याचे : माग किती जवळ आला हे दाखविणारे साधन आधी विकत घ्यावे. तिसरे खुणा पुसण्याचे : संबंध तुटल्यावरही मधल्या संगणकावरील नोंद राहते आणि तपास नंतर होऊ शकतो, म्हणून वाटेतल्या सोप्या संगणकात परत जाऊन ती नोंद नाहीशी करावी. खेळाडू पकडला गेला तर त्याने जोपासलेले पात्र कायमचे बाद होते. त्यामुळे या सूत्रांना जीवनमरणाचे महत्त्व येते.

ही सूत्रे नेमकी आणि अनुभवसिद्ध आहेत, यात शंका नाही. नवख्या खेळाडूची पहिली चूक बहुधा तिसऱ्या सूत्राविषयीची असते, आणि तेथे सूचनाकार खरोखर मित्राचे काम करतो. पण या वाक्यांची व्याकरणिक रचना पाहिली तर एक गोष्ट जाणवते. त्यांचा अध्याहृत कर्ता ‘तू’ आहे. कर्म संगणक, नोंद किंवा फाईल आहे. माणूस या वाक्यांत कोठेही येत नाही.

खेळात मात्र माणसे आहेत. ‘अपलिंक’मधील काही कामांत एखाद्या व्यक्तीची शैक्षणिक नोंद बदलावयाची असते, काहींत गुन्हेगारी नोंदीत भर घालून तिला अटक होईल अशी व्यवस्था करावयाची असते. तिचे नाव पत्रात दिलेले असते. गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रे यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या वाचकाला अशा एका बदललेल्या नोंदीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. खेळ हे नाव खेळाडूसमोर ठेवतो आणि भाष्य न करता थांबतो. अस्वस्थ होणे किंवा न होणे त्याच्यावर सोपवितो. सूचनेत ते नाव गळून पडते आणि त्या जागी ‘लक्ष्य’ हा शब्द येतो.

७. ‘हॅकनेट’ : पद्धतीपलीकडची कथा

मॅट ट्रोबियानी या ऑस्ट्रेलियन रचनाकाराचा ‘हॅकनेट’ हा खेळ २०१५ मध्ये आला. ‘बिट’ नावाच्या हॅकरचा मृत्यू झाला आहे आणि त्याने आधीच रचून ठेवलेले संदेश आपोआप खेळाडूकडे येत आहेत, येथून कथा सुरू होते. मृताच्या सूचना जिवंत खेळाडू पाळतो. सूचना हेच येथे कथेचे द्रव्य आहे. एका प्रसंगी प्रतिस्पर्धी हॅकर खेळाडूच्या संगणकातील दृश्य पडद्याची फाईलच पुसून टाकतो. चौकटी, नकाशा सारे नाहीसे होते आणि केवळ आज्ञा लिहिण्याची ओळ उरते. त्या क्षणी खेळ पूर्णपणे शब्दाधिष्ठित होतो आणि खेळाडूला शब्दांच्याच बळावर आपले जग परत मिळवावे लागते.

याच खेळात मरणाची इच्छा असलेल्या एका रुग्णाचे प्रकरण आहे. त्याच्या हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या यंत्रातील आज्ञावली बदलण्याचे काम खेळाडूपुढे येते. संबंधित पत्रव्यवहार त्याला वाचावयास मिळतो. काम पुरे झाल्यावर हृदयाच्या आलेखाची रेषा सपाट होताना दिसते. आधीच्या प्रत्येक कामात वापरलेल्याच आज्ञा येथे वापरावयाच्या असतात. आज्ञेची अक्षरे बदलत नाहीत, तिचा अर्थ बदलतो. वाङ्मयीन परिणामाच्या दृष्टीने हा या खेळातील सर्वांत समर्थ प्रसंग आहे, कारण नेहमीच्या हालचालीला तो एकाएकी नैतिक वजन देतो.

या प्रसंगाचे केवळ पायऱ्यांत रूपांतर केले की काय होते? अमुक संगणकाशी जोडून घे, अमुक फाईल मिळव, अमुक ठिकाणी चढव, पुढच्या कामाकडे वळ. पत्रे वाचण्याची गरज राहत नाही, कारण हवी ती माहिती सूचनेत आयती मिळते. खेळाडू प्रसंग पार करतो, पण प्रसंग त्याच्या वाट्याला येत नाही.

८. एक आक्षेप

यावर असा आक्षेप घेता येईल की, सूचनेचे काम अडलेल्याला वाट दाखविणे एवढेच आहे. तिच्याकडून नीतिबोधाची अपेक्षा करणे म्हणजे शब्दकोशाकडून काव्याची अपेक्षा करण्यासारखे आहे. शिवाय खेळातील व्यक्ती कल्पित आहेत. त्यांची नोंद बदलल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग पूर्णपणे मान्य करावयास हवा, किंबहुना १९९० च्या प्रकरणातून मिळणारा धडा तोच आहे. खेळातील हॅकिंगला गुन्हा मानणे, किंवा खेळाडूत भावी गुन्हेगार पाहणे, हे कथेला कथा म्हणून न वाचण्याचे लक्षण आहे. येथे अपेक्षा नीतिबोधाची नसून वाचनाची आहे. पात्रे कल्पित आहेत म्हणूनच त्यांच्याविषयीची अस्वस्थता ही खेळाची कलात्मक मिळकत ठरते. तीच वजा केली तर उरते ती कळफलकाची कवायत. आक्षेपाच्या पहिल्या भागाचे उत्तर ‘इन्व्हिजिक्लूज’ने आधीच दिलेले आहे. उपयुक्त राहूनही कथेचा मान राखता येतो. ‘फाईल चढविण्यापूर्वी पत्रे वाचून घे’ ही सूचनाही चार-पाच शब्दांचीच आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. शब्दाधिष्ठित खेळातील हॅकिंग हे प्रत्यक्ष कृतीच्या रूपाशी इतके जवळ असते की त्याविषयीच्या सूचना खऱ्या वाटू शकतात. परंतु आज्ञा कोणाला उद्देशून आहे हे पाहिले की कथा आणि मार्गदर्शिका यांतील सीमा स्पष्ट होते. १९९० मध्ये सरकारी यंत्रणेने ही सीमा ओलांडून कथेत पद्धत वाचली. सूचनाकार नकळत तेच करतो. तोही कथेतून पद्धत तेवढी उचलतो. एकाच्या मुळाशी भय आहे, दुसऱ्याच्या मुळाशी घाई. दोघांच्याही हातून निसटते ती कथा.

महाविद्यालयीन अध्यापकांना ही स्थिती अपरिचित नाही. मूळ कादंबरी न उघडता बाजारातील गाईडवरून तिच्यावर उत्तरे लिहिणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. त्याचे उत्तर चुकीचे असतेच असे नाही. त्याने कादंबरी वाचलेली नसते, एवढेच. गाईडवर बंदी घालून ती वाचली जात नाही, आणि खेळांविषयी संशय बाळगून खेळाडू सुजाण होत नाही. खेळांच्या या संहितांना समीक्षेच्या कक्षेत घेणे, त्यांच्यातील पत्रे, नावे आणि मौने विद्यार्थ्यांसह वाचणे, हा त्यावरील अधिक फलदायी मार्ग होय. सुहृत्संमित उपदेशाची मूळ कल्पना हिताची आहे. मित्र वाट दाखवितो, आणि त्या वाटेवर कोण राहते हेही सांगतो.